परदेशी जोडीदाराला लग्न न करता कोकणात कायमचं आणता येतं का?

वाडीतला_परदेशी
नमस्कार मंडळी. मी मूळचा देवगड तालुक्यातला, सध्या टोरांटोला. पासपोर्ट अजून भारतीयच आहे, कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, आहे. जोडीदार तिकडचीच, जन्माने कॅनेडियन. बरीच वर्षं एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही. इथे त्यावाचून काही अडत नाही, सलग वर्षभर एकत्र राहिलं की कॉमन-लॉ पार्टनर, टॅक्सच्या फॉर्मवर तसंच लिहायचं, तिच्या शाळेच्या इन्शुरन्सवर माझं नाव आहे, कोणी विचारत पण नाही.

आता बाबांचं वय झालंय. आंब्याची कलमं बघायला घरात कोणी नाही, फवारणीला माणसं मिळत नाहीत, दर वर्षी बाग कोणाला तरी कराराने द्यावी लागते आणि तो काय करतो ते इथे बसून कळत नाही. त्यामुळे दोघांनी गावी यायचं ठरवतोय, सुटीला म्हणून नाही, राहायलाच. ती तयार आहे. तर प्रश्न असा की कॅनडा जसं कॉमन-लॉ पार्टनरला स्पॉन्सर करू देतं तसं मी भारतीय नागरिक म्हणून तिला भारतात स्पॉन्सर करू शकतो का? एकत्र राहिल्याचे पुरावे ढीगभर आहेत.

आणि "लग्न करून टाका" एवढंच सांगायचं असेल तर आधीच सांगतो, तिचा लग्न या प्रकारावर विश्वास नाही.

मालवणी_तडको
अरे मेल्या, लगीन कर नि मोकळो हो. धागो बंद.

घाटावरची_सून
तडको, त्याने शेवटची ओळ कोणासाठी लिहिली होती ते आता कळलं, हाहा.

कागदकाका
तडकोंनी एका ओळीत सांगितलं ते दुर्दैवाने बरोबर आहे, मी जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे पार्टनर व्हिसा नावाचा प्रकारच नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला एंट्री व्हिसा मिळतो, त्याला एक्स-२ म्हणतात. त्यासाठी लागतं मॅरेज सर्टिफिकेट. जॉइंट अकाउंट, भाड्याचा करार, एकत्र फोटो, यांची चळत नेलीत तरी काउंटरवरचा माणूस सर्टिफिकेटच मागणार. तो एक्स-२ १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. मुंबईत, गोव्यात एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं, ऑफिस आहे, सिंधुदुर्गात हे काम पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे ओरोसला. अर्ज ऑनलाइन भरता येतो.

पुढचा टप्पा ओसीआय कार्ड, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, परदेशी पासपोर्ट ठेवून भारतात राहायचा कायमचा परवाना. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ७अ. भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार पात्र ठरतो, पण लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी ते किमान सलग २ वर्षं टिकलेलं हवं. शिवाय सिक्युरिटी क्लिअरन्स. एकदा ओसीआय झालं की व्हिसाची कटकट संपली, नोंदणी नाही, नोकरी करता येते. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं हेही लक्षात ठेवा.

नागरिकत्व हवं असेल तर लग्न अधिक ७ वर्षं भारतात वास्तव्य, आणि कॅनडाचा पासपोर्ट सोडावा लागेल. त्या वाटेला जाऊ नका.

वाडीतला_परदेशी
धन्यवाद काका. म्हणजे आजवर आम्ही एकत्र राहिलो त्याचा हिशोब शून्य?

कागदकाका
शून्य. दोन वर्षांचं घड्याळ नोंदणीच्या तारखेला सुरू होतं. त्यामुळे आज ना उद्या सही करणारच असाल तर जितका उशीर तितकं ओसीआय पुढे.

चिपळूणची
मी याच रस्त्याने उलट्या दिशेने गेलेय म्हणून लिहिते. मला माझ्या पार्टनरने कॅनडात कॉमन-लॉ म्हणून स्पॉन्सर केलं. लग्नाचा दाखला लागत नाही म्हणजे सोपं असेल असं वाटतं ना, तसं काही नाही. लग्नाला एक कागद, याला खोकंभर. दोघांच्या नावाचा लीज, हायड्रोची म्हणजे विजेची बिलं, एकाच पत्त्यावर आलेली दोघांची पत्रं, आयएमएम ५४०९ नावाचा फॉर्म असतो तो नोटरीसमोर शपथेवर भरायचा. आणि स्पॉन्सर करणाऱ्याला ३ वर्षं आर्थिक जबाबदारी घ्यावी लागते, मध्ये ब्रेकअप झालं तरी ती सुटत नाही!

पण मला सगळ्यात जड काय गेलं सांगू? फॉर्ममध्ये विचारतात की तुमच्या घरच्यांना हे नातं माहीत आहे का, ते एकमेकांना भेटलेत का. आणि मी तोवर आईला "रूममेट आहे" असं सांगून ठेवलेलं. व्हिडिओ कॉलला तो स्वयंपाकघरात लपायचा. एकही फोटो कुठे टाकलेला नाही, चिपळूणातल्या कोणी बघितला तर संध्याकाळपर्यंत गुहागरला कळेल म्हणून. म्हणजे आईपासून लपवायला जे जे केलं ते सगळं ऑफिसरसमोर आमच्याच विरोधात जाणार होतं. शेवटी आईला सांगितलं. ती दोन आठवडे बोलली नाही, मग तिनेच एक पत्र लिहून दिलं मराठीत, ते आम्ही भाषांतर करून जोडलं. त्यात तिने लिहिलं होतं "मुलगा बरा आहे, मासे खात नाही."

नुस्त्याशिवाय_जगणे_नाही
मासे खात नाही? अर्ज मंजूर झालाच कसा?

चिपळूणची
आता बांगडा खातो. सुरमई कोणीही खातं, बांगड्याचे काटे काढून खायला लागला तेव्हा आईने माफ केलं.

विचारवंत_पेण
मला हे तत्त्वतःच पटत नाही. आपल्याच सुप्रीम कोर्टाने लिव्ह-इन गुन्हा नाही म्हणून सांगितलंय, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण आहे, मग व्हिसाच्या बाबतीत सरकार एकदम १९५० सालात का जातं? दोन सज्ञान माणसं कशी राहतात ते त्यांचं ते बघतील. नातं खरं की खोटं एवढं तपासा आणि द्या.

सातबारा
पेणकर, भावना पोचल्या पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. तो कायदा बाईला मारहाणीपासून, घराबाहेर काढण्यापासून वाचवायला आहे, नात्याला दर्जा द्यायला नाही. २०१० च्या वेलुसामी निकालात कोर्टाने लग्नासारखं नातं म्हणजे काय त्याच्या अटी घातल्या, आणि त्या पोटगी-संरक्षणापुरत्या. इमिग्रेशनला त्यांचा उपयोग नाही. आणि "खरं की खोटं तपासा" म्हणता, पण कोण तपासणार? चिपळूणच्या ताईंनी सांगितलं ना, घरच्यांच्या पत्रापर्यंत जातं ते. आमच्या तालुक्याला कोणा साहेबाने येऊन वाडीत चौकशी केली की "हे दोघं खरंच एकत्र राहतात का", तर वाडी काय काय सांगेल याचा विचार करा.

मालवणी_तडको
वाडी सांगतली, "आमी काय बघूक नाय, पण तिच्या वयनीचा बरा नाय."

होमस्टेवाली_तारकर्ली
वाडीतला_परदेशी, तुम्ही लग्न करा नाहीतर नको करा, पण ती आली की पहिल्या दिवसापासून एक गोष्ट विसरू नका. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत परदेशी नागरिकांच्या सरकारी पोर्टलवर कळवावं लागतं, आम्ही अजून त्याला सी-फॉर्मच म्हणतो. फक्त हॉटेलवाल्यांना आहे असं लोकांना वाटतं पण घरी पाहुणा ठेवला तरी लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झालाय, १९४६ चा जुना फॉरेनर्स अ‍ॅक्ट गेला, तेव्हापासून आमच्याकडे चौकशी जास्त काटेकोर होते. बाबांच्या नावावर घर असेल तर बाबांच्या नावाने लॉगिन काढून ठेवा, आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येईल आणि त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावून ते बागेत गेलेले असतील हे धरून चाला.

गावाचं म्हणाल तर आमच्याकडे एक जर्मन बाई दर हिवाळ्यात येऊन राहते. पहिल्या वर्षी लोक कुंपणावरून बघायचे. आता रस्त्यात थांबवून तिला कोकम कधी वाळत घालायचं ते सांगतात.

वाडीतला_परदेशी
गावाचं मला टेन्शन नाही. आई-बाबांनी तिला व्हिडिओवर पाहिलंय, आई तिला "काय गो" म्हणते आणि ती "काय नाय गो" म्हणते, एवढ्यावर दोघींचं अर्धा तास चालतं.

टुरिस्ट व्हिसावर ये-जा करत राहिलो तर?

कागदकाका
करतात लोक. टुरिस्ट व्हिसावर एका वेळी जास्तीत जास्त १८० दिवस, मग बाहेर. नोकरी नाही. आणि वारंवार तेच केलं की विमानतळावरचा अधिकारी एक दिवस विचारतो की तुम्ही नक्की कसलं पर्यटन करता. म्हाताऱ्या माणसांसाठी परत येताय, अशा वेळी दर सहा महिन्यांनी बॅग भरणं परवडणारं नाही.

समुद्रपक्षी
हा धागा शांतपणे वाचत होतो. तुम्हाला निदान "लग्न करून टाक" असं कोणीतरी सांगू तरी शकतं. माझा पार्टनर डच आहे, पुरुष. आमचं नेदरलँड्समध्ये रीतसर लग्न झालंय. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, संसदेने ठरवावं म्हणाले. त्यामुळे काकांनी सांगितलेल्या रस्त्यावर आम्ही पहिल्याच पायरीला अडतो. तो टुरिस्ट व्हिसावर येतो, आम्ही वेंगुर्ल्याला घर भाड्याने घेतो, मालकाला वाटतं मित्र आहेत. आईला माहीत आहे. ती त्याच्यासाठी खाजं घेऊन ठेवते.

तक्रार म्हणून नाही लिहिलं. पेणकरांनी जो मुद्दा काढला तो हवेतला नाही एवढंच.

विचारवंत_पेण
समुद्रपक्षी, मी वाद घालायच्या मूडमध्ये लिहिलं होतं, तुमचं वाचून गप्प झालो.

घाटावरची_सून
समुद्रपक्षी, आई भारी आहे तुमची.

आखाती_अण्णा
परदेशी मुलीला नोकरीचा व्हिसा काढून आणा ना. मग लग्नाचा प्रश्नच नाही. काय करते ती?

वाडीतला_परदेशी
फ्रेंच शिकवते, हायस्कूलला.

कागदकाका
अण्णांचा मुद्दा फेकण्यासारखा नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला १६.२५ लाख पगाराची अट असते, पण काही लोकांना त्यातून सूट आहे, त्यात इंग्रजी सोडून इतर भाषा शिकवणारे शिक्षक येतात. म्हणजे फ्रेंचची शिक्षिका सूट मिळवू शकते. फक्त नोकरी देणारी संस्था हवी, तीच तिला स्पॉन्सर करणार, तुम्ही नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला.

नुस्त्याशिवाय_जगणे_नाही
देवगडात फ्रेंचची शिक्षिका कोण ठेवणार? आमच्या शाळेत गणिताला माणूस नाही.

आखाती_अण्णा
गोव्यात ठेवतील. पणजीला राहायचं, शनिवार-रविवार बागेत.

वाडीतला_परदेशी
अण्णा, फवारणी शनिवार-रविवार बघून येत नाही. तुडतुडे तर अजिबात नाही. मोहोर आल्यावर दोन दिवस ढगाळ गेले की त्याच दिवशी माणूस लावावा लागतो. मग पणजीला राहून काय उपयोग.

बागायतदार_राजापूर
तुडतुड्यावर यंदा काय मारताय? आमच्याकडे नेहमीचं औषध लागूच पडत नाही.

सातबारा
बागायतदार, त्याला वेगळा धागा आहे, "आंबा मोहोर २" शोधा.

मूळ मुद्द्याकडे येतो, कारण बागेचा विषय निघाला आणि मला वाटतं हे कोणी सांगितलेलं नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे? बाबा आणि काका सामाईक असतील तर लग्न कोणत्या कायद्याखाली करता याचा विचार करा. हिंदू मुलगा आणि हिंदू नसलेली परदेशी मुलगी यांचं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसत नाही, त्याला दोघंही हिंदू लागतात. म्हणजे गावच्या देवळात हार घातले, भटजीने मंगलाष्टकं म्हटली, जेवणावळ झाली, तरी कागदावर तेवढ्याने लग्न नाही. भारतात करायचं तर विशेष विवाह कायदा १९५४. आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली हिंदू-बौद्ध-शीख-जैन नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. घाबरू नका, हिस्सा जात नाही, कलम २० हक्क शाबूत ठेवतं. पण पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. काका लोक हे ऐकून भलताच अर्थ काढतात, आमच्या ओळखीत एका घरात यावरून वाटपाचा दावा उभा राहिलाय, म्हणून आधी घरात बसून बोला.

दुसरं, शेतजमीन. ओसीआय मिळालं तरी तिला शेतजमीन, बाग, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते. त्यामुळे "तिच्या नावाने शेजारची दहा गुंठे घेऊन टाकतो" असले बेत करू नका.

वाडीतला_परदेशी
सातबारा काका आणि बाबांच्या नावावर सामाईकच आहे. हे खरंच माहीत नव्हतं.

घाटावरची_सून
विशेष विवाहाला ती नोटीस लागते ना बोर्डावर? आमच्या मैत्रिणीच्या वेळी तीच अडचण झाली, कोणीतरी नोटीस वाचून घरी फोन केला.

कागदकाका
हो. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस राहिलेलं हवं, मग नोटीस, मग ३० दिवस आक्षेपासाठी, मग तीन साक्षीदारांसमोर सही. नोटिशीपासून तीन महिन्यांत उरकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आक्षेप घेता येतो तो ठरावीक कारणांवर, वय, आधीचं लग्न वगैरे. "मुलगी गोरी आहे" हे कारण नाही.

तिला आधी लग्न झालेलं नसल्याचा कागद तिच्या दूतावासाकडून आणावा लागेल. कॅनडावाले त्याच्या बदल्यात एक निवेदन देतात, ते विवाह अधिकाऱ्याला चालतं का ते नोटीस देण्याआधी जाऊन विचारा.

माझा सल्ला, तिकडेच करा. ऑन्टारियोत सिटी हॉलचं लायसन्स काढलं की ९० दिवस चालतं, दोन साक्षीदार, संपलं. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल करारात आलाय (अपोस्टिल म्हणजे करारातल्या इतर देशांत कागद चालावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र), त्यामुळे पूर्वीसारखं सर्टिफिकेट भारतीय वकिलातीकडून अटेस्ट करायला पळावं लागत नाही, ऑन्टारियोचं सरकारच अपोस्टिल लावून देतं.

रत्नागिरीची_अनामिका
थोडं विषयांतर. माझा बॉयफ्रेंड कॅनेडियन, मी रत्नागिरीत. तो येऊन-जाऊन असतो. आम्ही कॉमन-लॉमध्ये बसू का?

चिपळूणची
अनामिका, येऊन-जाऊन चालत नाही गं. बारा महिने सलग एका छपराखाली हवं, कामासाठी थोडे दिवस बाहेर गेलं तर चालतं. रत्नागिरीत न लग्न झालेल्या जोडप्याला दोघांच्या नावाने भाडेकरार देणारा मालक शोधून दाखव, मी पेढे वाटीन. कॉन्ज्युगल पार्टनर म्हणून एक तिसरा प्रकार आहे, पण तो ज्यांना खरोखर एकत्र राहताही येत नाही आणि लग्नही करता येत नाही त्यांच्यासाठी. समुद्रपक्षी, तुम्ही डच ऐवजी कॅनेडियन गाठला असतात तरी तुमचं तिकडे लग्न झालेलंच आहे म्हणा, तुम्ही थेट स्पाउस.

समुद्रपक्षी
पुढच्या वेळी पासपोर्ट बघून प्रेमात पडेन.

ब्रॅम्प्टनचा_बाबू
परदेशी, एक महत्त्वाचं. तुमचं पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात लागतात हे माहीत असेलच. पण कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत बाहेर राहिलात तर ते दिवस धरतात. आणि गंमत म्हणजे तिथे कॉमन-लॉ चालतं! म्हणजे देवगडला बसून तुमचं पीआर जिवंत राहू शकतं. एकच मेख आहे, कोण कोणाच्या सोबत गेलं हे कधीकधी बघतात. तुम्ही बागेसाठी आलात आणि ती तुमच्या मागून आली असं दिसलं तर प्रश्न विचारतील. एकत्र राहण्याचे पुरावे गावी पण गोळा करत राहा, ते तुम्हाला भारतात नाही पण कॅनडात लागतील.

विचारवंत_पेण
म्हणजे एकाच घरात, एकाच माडीवर, कॅनडाच्या कागदावर जोडपं आणि भारताच्या कागदावर एक नागरिक आणि एक टुरिस्ट.

आखाती_अण्णा
आमच्या वेळी आखातात बायकोला फॅमिली व्हिसावर आणायला सुद्धा नाकात दम यायचा. तुम्ही लोक फार अपेक्षा ठेवता.

वाडीतला_परदेशी
चार दिवस धागा बघता आला नाही. सगळं तिला वाचून दाखवलं, भाषांतर करत करत, तडकोंचं भाषांतर जमलं नाही. कलम १९ वर ती बराच वेळ हसत होती, म्हणे लग्नाला मी विरोध करत होते आणि तुझ्याच कायद्याने तुला घरातून वेगळा काढला.

मग म्हणाली की व्हिसासाठी लागणारा कागद म्हणून सिटी हॉलला सही करायला तिची हरकत नाही, जसं ड्रायव्हिंग लायसन्स काढतो तसं. अंगठी नाही, पार्टी नाही, "वाइफ" म्हणून ओळख करून द्यायची नाही. मला चालतंय. आईला फोन केला तर ती म्हणते सही तिकडे करा, पण इकडे आल्यावर सत्यनारायण घालणार आणि वाडीला जेवण घालणार. तिला अजून "पार्टी नाही" हे सांगितलेलं नाही. काकांशी बोलायला बाबा तयार झालेत, शिमग्याला सगळे जमतील तेव्हा.

तर एक्स-२, मग दोन वर्षांनी ओसीआय. समुद्रपक्षी, तुमच्यासाठी यातलं काहीच कामाचं नाही हे डोक्यातून जात नाही.

मालवणी_तडको
मगे मी पयल्याच वळीत काय लिवलंय? इतकी माणसा, इतके कायदे, नि शेवटाक गाडी थयच इली. जेवणाक कधी येव ता सांग.

कागदकाका
लायसन्सचा अर्ज भरताना नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर. तुमच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असेल आणि सर्टिफिकेटवर नसेल तर ओसीआयच्या वेळी अ‍ॅफिडेव्हिट करत बसाल. सर्टिफिकेटच्या दोन-तीन प्रमाणित प्रती मागून घ्या, लॅमिनेशन करू नका. आणि तुमच्या पासपोर्टवर पत्नीचं नाव घालून घ्या, एक्स-२ च्या अर्जाला बरं पडतं. ओसीआयची फी तिकडून केलीत तर २७५ अमेरिकी डॉलर, भारतातून १५,००० रुपये.

सावंतवाडी_लाकडी_खेळणी
काका, माझा नवरा मूळ गोव्याचा, पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. त्याला पण दोन वर्षं थांबायला लागेल का?

कागदकाका
तो स्वतः आधी भारतीय नागरिक होता ना? मग तो स्वतःच्या मुळावर ओसीआय घेतो, तुमच्या लग्नाशी संबंध नाही, दोन वर्षांचा प्रश्न येत नाही. जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला शोधून ठेवा. बाकी काही असेल तर वेगळा धागा काढा ताई, इथे आता सत्यनारायणाचा मेनू ठरतोय.

नुस्त्याशिवाय_जगणे_नाही
सत्यनारायणाला नुस्तें नाही. दुसऱ्या दिवशी ठेवा काहीतरी.